मागाच्या खड्ड्यातली जागा

तुम्ही दोघांनी पाठवलेला फोटो मी कपाटाच्या काचेला आतून लावला आहे. तिकडच्या थंडीत, लोकरीच्या टोप्या घालून, दुकानाच्या दाराशी माजी सैनिकांसाठी मदतीचे डबे खुळखुळवत तुम्ही उभे आहात. फोनवर धाकट्यानं विचारलं, "आजी, तुमच्याकडे असं काही होतं का?" होतं. मी त्यात काम करत होते. फोनवर सांगायला घेतलं की तुमची आई मध्ये पडते आणि म्हणते, मुलांना असलं कशाला. म्हणून लिहिते. जसं घडलं त्या क्रमानं.

तेव्हा औरंगाबादेवर निजामाचं राज्य होतं आणि छावणीत गोऱ्या साहेबांचे बंगले होते. कचेरीत उर्दू, घरात मराठी, बंगल्यांत इंग्रजी. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, पुढे हैदराबादेत थोडं कॉलेजही केलेलं. लग्न होऊन इथे आले. तुमचे आजोबा वकील; बंगलेवाल्यांची बरीच कामं त्यांच्याकडे असत. दुसरी मोठी लढाई संपत आली तेव्हा छावणीतल्या मेमसाहेबांनी जखमी शिपायांसाठी एक समिती काढली आणि तिन्ही भाषा येणारी बाई पाहिजे म्हणून टांगा पाठवून मला बोलावून घेतलं. माझं काम दुभाष्याचं. शिपाई बोलेल ते इंग्रजीत सांगायचं, मेमसाहेब बोलतील ते शिपायाला सांगायचं.

समितीच्या अध्यक्ष एका कर्नलच्या पत्नी होत्या. सगळे त्यांना बडी मेमसाहेब म्हणत. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच लिहून ठेवते. भर उन्हाळ्यात बाकीच्या मेमसाहेब थंड हवेला निघून जात, या मागे राहत आणि चिघळलेल्या जखमा स्वतःच्या हातानं धूत. रडायच्याही लवकर. फक्त त्यांना आभार लागत, आणि ते डोळ्यांना दिसतील असे लागत.

तसा समितीचा रिवाजच होता. कुणी तो सांगितलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. मदत घ्यायला येणाऱ्यानं वर्दी घालून, पदकं लावून, समितीनं दिलेला हात किंवा पाय चढवून यायचं, बंगल्याच्या व्हरांड्याच्या पायऱ्या कुणाचा आधार न घेता चढायच्या आणि सलाम ठोकायचा. धोतरात आलेल्याला चहा मिळे आणि पुढच्या वेळी नीट या, एवढा निरोप मिळे. दौलताबादकडचा एक आंधळा शिपाई फाटकाबाहेर बसून नवख्यांना शिकवायचा, "खोकला आलाच तर दाबून धरायचा. पायऱ्या चढून झाल्या की मग सोडायचा. हितं रस्त्यावर कोण बघतंय तुला?"

आता ज्याची गोष्ट सांगायची तो माणूस. तो हिमरूचा विणकर होता. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमी नक्षी काढलेलं कापड. त्याच्या शाली आमच्या गावात विणल्या जात. लढाईत सूत मिळेनासं झालं, माग बंद पडले, म्हणून तो खेचरांच्या पलटणीत भरती झाला आणि परदेशात कुठेतरी सुरुंगावर त्याचा उजवा पाय गेला. गुडघा वाचला, त्याच्याखाली वीतभर राहिलं. घर मूळचं खुलताबादकडचं, त्यामुळे आमच्याशी तो मराठीतच बोले. मोहल्ल्यात त्याला 'लंगडे नवाब' म्हणत, कारण तोरा तसा होता आणि जिभेनं तो कुणाला सोडत नसे. त्या आंधळ्या शिपायालाही म्हणायचा, "तुझं बरंय. तुला मेमसाहेबाचं त्वांड बघावं लागत नाय."

समितीनं त्याला पुण्याहून पाय मागवून दिला होता. गुळगुळीत, मधाच्या रंगाचा, खाली चकचकीत काळा बूट. बूट पायालाच बसवलेला, निघत नसे. तो चढवून हा फाटकातून ऐटीत आत यायचा आणि भेट आटोपून बाहेर पडला की पाय सोडून खांद्यावर टाकायचा आणि कुबडीवर घरी जायचा.

"लागतो का तो?" मी एकदा विचारलं.

"लागत नाय, बाईसाब. पण ह्यो परेडचा पाय हाय. मला पावडीचा पाय पाहिजे."

पावडी म्हणजे काय, ते कळायला तुम्हाला माग कळला पाहिजे. हिमरूचा माग जमिनीत असतो. फरशीत कमरेइतका खड्डा. विणकर त्याच्या कडेवर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायांनी पावड्या, म्हणजे लाकडी पट्ट्या, दाबून ताण्याचे उभे धागे वरखाली करतो. खड्ड्यातला ओलावा धाग्याला लागतो, म्हणून धागा तुटत नाही. आत येणाऱ्याला विणकराचं फक्त कमरेवरचं अंग दिसतं. पावड्या एकमेकींना चिकटून असतात आणि बघून दाबता येत नाहीत. पायाच्या तळव्यालाच त्या कळाव्या लागतात. समितीचा बूट एका वेळी दोन दाबायचा.

कारखान्यात त्याची जागा होती. खिडकीखालचा खड्डा. त्यात आधी त्याचा आजा बसला, मग बाप, मग तो. मालकानं ती अजून दुसऱ्याला दिली नव्हती, पण रिकामी तरी किती ठेवणार? त्या जागेशिवाय त्याला काही नको होतं. समितीनं चौकीदारी देऊ केली, चहाचं दुकान देऊ केलं. "माझी जागा खिडकीखाली हाय," एवढंच तो म्हणे. मी ते इंग्रजीत सांगे, आणि मेमसाहेब आपसात म्हणत की बिचाऱ्याला मोकळ्या हवेची आवड दिसते.

शेवटी त्यानं स्वतःच उपाय काढला. गल्लीतल्या सुताराकडून बाभळीचा खुंट करून घेतला. वर चामड्याची वाटी आणि पट्टा, खाली बकरीच्या कातड्याचा मऊ, लहानसा तळवा. दिसायला मुसळासारखा, पण त्याला एकेक पावडी वेगळी कळत होती. मालकानं बसवून पाहिलं, विणलेलं कापड उलटंपालटं केलं आणि जागा परत दिली.

मी नणंदेच्या लग्नासाठी शाल घ्यायला गेले तेव्हा तो खड्ड्यात होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "बाईसाब, कमिटीत कुणी पुसलं तर सांगा, मेला म्हणून."

"असं कसं सांगू?"

"मग सांगा दुसरा निकाह लावून पळाला. पण हितं हाय म्हणू नका."

मी समितीत काही बोलले नाही. बोलला मालक. शाली दाखवायला तो बड्या मेमसाहेबांच्या बंगल्यावर गेला होता, आणि माल खपावा म्हणून सांगून बसला की हुजूर, आपला बहादूर माझ्याच कारखान्यात विणतो.

दुसऱ्याच आठवड्यात बडी मेमसाहेब, आणखी काही मेमसाहेब आणि मी अशा कारखान्यावर गेलो. ती लांबट, अंधारी खोली होती. उन्हातून आत आल्यावर आधी काहीच दिसत नाही; मग जमिनीतून वर उगवल्यासारखी माणसं दिसू लागतात. बड्या मेमसाहेबांना सगळ्यात आधी भिंत दिसली. खिळ्याला पुण्याचा पाय टांगलेला होता, बुटासकट, आणि त्याच्यावर हिरव्या रेशमाच्या लडी वाळत घातल्या होत्या.

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी खाली पाहिलं.

तो विणत होता. नक्षीचं फूल पुरं होईपर्यंत हिमरूचा विणकर उठत नाही, मग दारात खुद्द सुभेदार येवो. वर माच्यावर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढणारा आणि खाली बसलेला यांचा ताल तुटला की फूल मोडतं. त्यानं मान वर केली नाही. सलाम केला नाही. बड्या मेमसाहेबांची समजूत झाली की त्याला उठताच येत नाही.

"तुम्ही या माणसाला कमरेपर्यंत पुरलं आहे," त्या मालकाला म्हणाल्या. मी ते सांगितलं.

मालक हसला. "हुजूर, सब ऐसेच बैठते. मैं बी बैठ्या, मेरा बाप बी बैठ्या."

"बाकीच्यांना पाय आहेत, ते बाहेर येऊ शकतात. आमच्या बादशहासाठी लढलेला माणूस मी असा खड्ड्यात राहू देणार नाही. तो इथे असेपर्यंत आमच्यातली कुणी तुमची एक शाल घेणार नाही."

हेही मी सांगितलं. मालकाचं हसणं थांबलं. मग ओलाव्याचं, पावड्यांचं, फुलाचं मी माझ्या मनानं समजावून सांगितलं. बड्या मेमसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, तुम्ही लोक हे रोज बघता, म्हणून तुम्हाला आता ते दिसतच नाही."

"काय म्हणतीय?" तो विणता विणताच बोलला.

"बाहेर या म्हणतायत."

"फूल व्हऊ द्या. मग येतो. सलाम ठोकतो आन् परत बसतो."

"परत नाही बसायचं म्हणतायत."

तेव्हा आडवा धागा फिरवणारा त्याचा धोटा थांबला. त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "त्यांना म्हणावं, मी हितं मजेत हाय. तो पाय घेऊन जा म्हणावं, कुणाला तरी व्हईल. लई उपकार झाले."

मी शब्दाला शब्द सांगितलं. बड्या मेमसाहेबांचे डोळे भरले. "किती मानी माणूस," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आपण याचं ऐकायचं नाही."

मालकानं कामावरच्या दोघांना खूण केली. आमच्या विणकरानं दोन्ही हातांनी मागाचं लाकूड धरून ठेवलं. मालक वाकून त्याच्या कानाशी म्हणाला, "छोड. माग टूट्या तो तेरी चमडी से भर लेऊंगा." दोघांनी काखेत हात घालून त्याला उचलला. सदरा वर सरकला. खुंटाचा पट्टा पावडीत अडकला, खुंट खालीच राहिला, आणि एकच पाय खाली लोंबत तो हवेत राहिला. शेजारच्या खड्ड्यातून कुणीतरी ओरडलं, "देखो रे, नवाब का जनाजा उलटा निकल्या!" मग सगळी खोली हसली. तो त्यांना कधी सोडत नव्हता, त्यांनी तरी त्याला का सोडावं? मेमसाहेबांना वाटलं, सोबत्याची सुटका झाली म्हणून विणकरांना आनंद झालाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मालक धंद्याचा पक्का होता. आम्ही निघताना त्यानं याला बाजूला घेऊन सांगितलं, "मेमसाहेब है तब तक उधरीच बैठ. वो गई के जगा तेरी. तब तक तेरा बहनोई संभालेगा." याच्या बहिणीचा नवरा त्याच मोहल्ल्यातला, गरीब स्वभावाचा विणकर. तो खिडकीखालच्या खड्ड्यात बसला. आणि हा समितीच्या व्हरांड्यात.

समितीनं त्याच्यासाठी विलायतेहून टेबलावरचा माग मागवला होता. नुसत्या हातानं चालणारा, तळहाताएवढी पट्टी विणायचा. खुर्चीवर तो, अंगात वर्दी, पायात तो बूट. दिवसभर. त्या पट्ट्या पुस्तकात खुणेसाठी ठेवायला मेमसाहेबांना विकायच्या, असं ठरलं होतं. सुरुवातीच्या पट्ट्या त्यानं अशा विणल्या की मी हातात घेऊन बघतच राहिले. बोटाच्या पेराएवढी फुलं, पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी. विक्रीच्या दिवशी त्यातली एकही खपली नाही. एका बाईनं उचलली, उलटून पाहिली आणि म्हणाली, "ही तर बाजारातली वाटते. त्या बिचाऱ्यानं स्वतः काय केलं यात?"

तो तिथेच बसला होता. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण पट्टी परत ठेवणारा हात कळत होता. पुढच्या वेळी त्यानं काठ वाकडातिकडा जाऊ दिला, मध्ये दोन-चार गाठी मारल्या. त्या पट्ट्या चहा यायच्या आत संपल्या.

"मेमसाहेबांना लंगडं कापड पाहिजे, बाईसाब," तो मला म्हणाला.

मग त्यानं लंगडं कापड विणायला घेतलं, आणि त्यातही तो वाकबगार झाला. "ही बघा, ही दारू पिल्यावाणी चाललीय. ही पहिली जाणार," असं सांगायचा, आणि तीच पहिली जायची. "हिच्यात आणखी एक गाठ टाकली तर ती जाडी रडंल." जाडी रडायची. मी हसायची. संध्याकाळी घरी जाताना तो कारखान्याच्या खिडकीशी थांबायचा आणि गजांतून मेव्हण्यावर ओरडायचा, "अबे पावडी दबा, कीचड क्या तुडवता!" मेव्हणा वर न बघता विणत राहायचा. त्याला लेकरं होती आणि त्याचा स्वतःचा माग सूत नसल्यानं केव्हाच विकला गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग इंग्रज जायला निघाले. छावणीतले बंगले एकेक करून रिकामे झाले. बड्या मेमसाहेबांचा निरोपसमारंभ व्हरांड्यातच झाला. त्या प्रत्येक शिपायाजवळ थांबून रडल्या. टेबलावरचा माग त्यांनी याला कायमचा देऊन टाकला आणि मला म्हणाल्या, "याला सांगा, त्या खड्ड्यातून बाहेर काढला तो माझ्या हिंदुस्थानातल्या सगळ्या वर्षांतला सर्वांत चांगला दिवस होता." मी सांगितलं. त्यानं कडक सलाम ठोकला.

परतताना मी त्याला टांग्यात घेतलं. टेबलावरचा माग त्यानं व्हरांड्यातच सोडला होता. "बाईसाब, टांगा कारखान्यावरनं घ्या," म्हणाला. वर्दीतच तो आत गेला. मी दाराशी थांबले, कारण त्याला बसलेला बघावा असं मलाही वाटत होतं.

मालक पान लावत होता. "आ गया? मेमसाहेब गई, अब शालां कौन लेगा? बंगले सब खाली."

"मेरी जगा दे."

"जगा तेरीच है. पन ये आधी मजुरी पे बैठता." आधी म्हणजे अर्धी. त्यानं खड्ड्यातल्या मेव्हण्याकडे हनुवटी उडवली.

"मैं बी आधी पे बैठता."

मेव्हण्यानं धोटा खाली ठेवला. त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "मैं उससे कम पे बैठूंगा."

"मैं उससे बी कम."

दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. दोघंही मालकाकडे बघत होते. मालक चुना लावत होता, कात लावत होता, सुपारी निवडत होता. कुणाला हो म्हणत नव्हता, कुणाला पुरे म्हणत नव्हता. दोघं उतरत गेले. शेवटी मेव्हणा म्हणाला, "इसके नीचे बच्चे क्या खायेंगे?"

"मैं खाने पे बैठता," हा म्हणाला. "एक वक्त के. मजुरी नक्को."

मालकानं पान तोंडात टाकलं आणि मेव्हण्याला म्हणाला, "उठ."

त्याला उचलावं लागलं नाही. हातांवर जोर देऊन तो आपल्या दोन पायांवर वर आला, सदरा झटकला आणि माझ्या जवळून बाहेर गेला.

यानं सगळ्यांदेखत पुण्याचा पाय सोडला आणि भिंतीशी फेकला. सुताराचा खुंट एका कोपऱ्यात धूळ खात पडला होता, तो आणवला. रोज त्या पुण्याच्या पायात आवळून गुडघ्याखालचा उरलेला भाग सुजून जाड झाला होता; चामड्याची वाटी चढेना. ओठ आवळून त्यानं ती दाबून चढवली आणि पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला. मग खड्ड्यात उतरला. पहिली पावडी दाबली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. दुसरी दाबली.

"बसलो, बाईसाब," तो म्हणाला.

मेव्हण्यानं अर्धवट सोडलेलं फूल तसंच मागावर होतं. ते त्यानं निरखून पाहिलं. "हे काय फूल हाय? गोबी हाय," म्हणाला आणि धागा धागा उसवायला लागला. आजूबाजूचे हसले. या वेळी त्याच्या बाजूनं हसले.

समिती पुढेही चालू राहिली. मेमसाहेबांच्या जागी आमच्याच गावातल्या वकील-अधिकाऱ्यांच्या बायका आल्या. दुभाष्याची गरज उरली नाही, तरी सवयीनं मी जात राहिले. पावसाळ्यानंतर एके दिवशी या विणकराची बहीण आली. काळा बुरखा, कडेवर पोर. व्हरांड्याच्या पायऱ्या चढून ती उभी राहिली. सलाम करायचा असतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

"नवरा लढाईत होता?" नव्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाय."

"कुठं इजा?"

"धडधाकट हाय. मागावरची जागा गेली त्याची. माझ्या भावानं घेतली. भाऊ तुमचाच माणूस हाय ना? तुमचा पाय लावून हिंडत हुता. घरात चूल नाय पेटत."

"भाऊ आला तर त्याचं बघू. समिती जखमी सैनिकांसाठी आहे, बाई. सगळ्यांना द्यायचं म्हटलं तर कसं व्हायचं?"

"मग नवऱ्याचा पाय तोडून आणू का?" ती म्हणाली. "गुडघ्याच्या वर तोडू का खाली? कुठनं तोडला म्हंजे चालतंय तेवढं सांगा."

खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "काय ही बोलायची रीत," कुणीतरी म्हणालं.

बहीण माझ्याकडे वळली. "तुम्ही हुता ना कारखान्यात? दोन्ही टायमाला हुता. कुणी कुणाला उठवलं, सांगा की ह्यांना."

मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सांगितलं, आज तुम्हाला लिहिते आहे तसंच. अध्यक्षबाईंनी मध्ये न बोलता ऐकलं. ऐकून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हणजे हिचा नवरा सैन्यात नव्हताच ना?"

"नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी बहिणीला चहा विचारला. ती नको म्हणाली, पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरली. अध्यक्षबाईंनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.